मऊ बर्फ

बॅकस्पिन म्हणजे काय ते आधी सांगते, कारण घरात चौदा वेळा सांगूनही आईला अजून वाटतं की मी मागे बघत गिरक्या घेते. तसं नाही. साधी गिरकी मी डाव्या पायावर घेते. ती कुणालाही येते, म्हणजे मला आठ महिन्यांत आली. बॅकस्पिनला फिरायचं त्याच दिशेनं, पण उभं राहायचं उजव्या पायावर, आणि तेसुद्धा पात्याच्या बाहेरच्या धारेवर. स्केटच्या पात्याला दोन धारा असतात, एक आतली आणि एक बाहेरची, मध्ये बारीक खाच. आतल्या धारेवर शरीर आपोआप जातं, सुट्टीच्या सकाळी पुन्हा पांघरुणात जातं तसं. बाहेरच्या धारेवर त्याला समजूत घालून न्यावं लागतं. "उजव्या खांद्याशेजारी भिंत आहे असं समज आणि तिला टेक," असं आमच्या मुख्य कोच मॅडम म्हणतात. भिंत नसते, आणि टेकायचं तर असतंच.

तसं भिंतीचं आणि माझं जुनं नातं. पहिले तीन महिने मी रिंकच्या कठड्याला इतकी चिकटून असायचे की वरच्या गटातल्या मुलींनी माझं नाव पाल ठेवलं. मग एका मंगळवारी कठडा सोडला आणि पडले नाही, आणि त्या दिवसापासून माझं तोंडही सुटलं. आता मी वर्गात हात वर करते. गणिताच्या सरांनी फळ्यावर वजा चिन्ह खाल्लं तर उभं राहून सांगते. आई म्हणते, "हिला बर्फावर घसरायला पाठवलं होतं, आता हिची जीभच घसरायला लागली." रिंकचा बर्फ राखणारे बर्फकाका मला भिंगरी म्हणतात. पालीची भिंगरी झाले, यापेक्षा मोठी बढती कुणाला मिळाली असेल असं मला वाटत नाही.

माझा गट हौशी. हौशी म्हणजे ज्यांना कधी पदक मिळणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण कुणी तोंडावर बोलत नाही, असे लोक. आठवड्यातून पाच दिवस, शाळेच्या आधी. त्यात सगळ्यात लहान मी, पंधरा वर्षांची, आणि सगळ्यात मोठ्या ड्रायव्हरकाकू, एक्कावन्न. काकू शहरातली बस चालवतात. आम्ही दोघी एकाच आठवड्यात आलो आणि तीन महिने एकाच कठड्याला लटकलो. मला पाल म्हटल्यावर मी रडवेली झाले, तेव्हा काकू म्हणाल्या, "तू पाल तर मी घोरपड. चल, सरक पुढे, मागे गर्दी झालीये." बर्फावर वळताना त्या अजून हात बाहेर काढून दाखवतात. कुणी हसलं की म्हणतात, "तुमची सवय तुम्हाला, माझी मला. मी कुणाला ठोकलेलं नाही."

परीक्षा शनिवारी होती. तीन पूर्ण फेऱ्यांचा बॅकस्पिन आला की वरच्या गटात जागा. वरचा गट म्हणजे संध्याकाळची वेळ आणि मॅडम स्वतः शिकवणार. मला तिथं जायचं होतं कारण मला सगळीकडेच जायचं होतं. काकूंचं तसं नव्हतं. "पुढच्या महिन्यापासून माझी पहिली पाळी," त्या म्हणाल्या. "सकाळी मी गाडीवर. संध्याकाळच्या गटात घेतलं तर मी राहिले, नाहीतर स्केट्स भाचीला देऊन टाकते."

"तिच्या पायाला होतील का?"

"तिला नाहीच होणार. म्हणून तर पास व्हायला हवं."

परीक्षेच्या दहा दिवस आधी, बुधवारी, मी पडले. त्यात नवीन काही नाही, मी रोजच पडते, आता तर छान पडते. पण त्या दिवशी मी लांबच्या टोकाला, घड्याळाच्या खाली पडले, आणि तोंडावर पडले, आणि ओठाला खारट लागलं. रक्त असेल म्हणून हातमोज्यानं पुसलं, तर काही नव्हतं. घाम असेल. मी उठले आणि त्याच जागी पुन्हा प्रयत्न केला, आणि उजवा पाय बाहेरच्या धारेवर गेला आणि तिथेच राहिला. एक फेरी. दुसरी. तिसरी अर्धी. आयुष्यात पहिल्यांदा ती भिंत होती.

मी वाकून बघितलं. बशीएवढा तुकडा, बाकीच्या बर्फापेक्षा जरा करडा. बाकी रिंकवर पातं खर्र आवाज करतं. इथं आवाज यायचा नाही. ओल्या साबणावरून सुरी फिरवावी तशी धार आत जायची आणि धरून बसायची. कडक बर्फावर माझी धार निसटायची, या मऊ बर्फावर निसटायला जागाच नव्हती. मी कठड्यापासून पावलं मोजली. आठ. दुसऱ्या दिवशी बरोबर आठव्या पावलावर जाऊन उभी राहिले. कुणाला काही सांगितलं नाही.

आमच्या रिंकवर एक शिस्त आहे. तास संपला की ज्यानं त्यानं आपले खड्डे भरायचे. गिरकीनं आणि उडीनं बर्फाला खळगे पडतात. कठड्याच्या कडेला पात्यांनी खरवडलेला भुगा साठतो, तो ओंजळीत आणायचा, खळग्यात दाबायचा, हातमोज्यानं सारखा करायचा आणि वर बाटलीतलं थोडं पाणी. मग बर्फकाका गाडी फिरवतात. ती वरचा थर घासते, मागून गरम पाण्याचा पातळ पापुद्रा सोडते, आणि दहा मिनिटांत सगळं आरशासारखं. बरेच जण भुगा पायानंच सरकवून पळतात. मी मात्र माझी जागा अशी भरायचे की काय सांगू. इतकं मन लावून मी कधी गृहपाठ केलेला नाही. दाबायचे, पाणी टाकायचे, थांबायचे, पुन्हा दाबायचे. गाडी वरून गेली की माझं मलाही ओळखू यायचं नाही.

"बघा रे," बर्फकाका एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, "खड्डा भरावा तर भिंगरीनं. शोधून सापडत नाही."

मी तीन दिवस त्या कौतुकावर जगले.

सोमवारी जागा ताटाएवढी झाली होती. मला बरंच वाटलं, नेम चुकला तरी चाललं असतं. मंगळवारी काका तासाच्या मध्येच बर्फावर आले. ते बूट घालून बर्फावर आले की सगळे थांबतात, कारण ते उगाच येत नाहीत. त्यांच्या अंगाला नेहमी यंत्रघराचा वास असतो, तेल आणि ओलं लोखंड.

"ऐका," ते म्हणाले. "या बर्फाच्या खाली वाळू आहे, आणि वाळूत नळ्या आहेत. नळ्यांतून गार खारं पाणी फिरतं म्हणून हा बर्फ बर्फ आहे. चार दिवस झाले, टाकीतलं पाणी कमी होतंय. रोज दोन बोटं. यंत्रघरात मी सगळं तपासलं, तिथं गळत नाही. म्हणजे इथं कुठेतरी गळतंय. मी दर आठवड्याला बारा ठिकाणी भोक पाडून जाडी बघतो, बाराही ठीक आहेत. तुम्ही इथं रोज लोळता. कुठे ओलं, करडं, मऊ दिसलं, तर त्या क्षणी हाक मारायची. तास संपायची वाट बघायची नाही."

"गळलं तर काय होतं?" काकूंनी विचारलं.

"खारं पाणी बर्फ खालून खातं. वाळू वाहून जाते. वरून काही दिसत नाही."

"रस्त्याचं तसंच असतं," काकू म्हणाल्या. "डांबर गुळगुळीत आणि खाली पोकळ. एकदा पुढचं चाक गेलं होतं माझं."

काकांनी प्रत्येकाकडे बघितलं. मी माझ्या नाडीकडे बघितलं. नाडी सुटली नव्हती, तरी मी ती सोडली आणि पुन्हा बांधली.

असं नाही की मला कळलं नाही. मी काही ढ नाही. खारट म्हटल्याबरोबर माझा ओठ आठवला. पण मी हिशेब असा केला: मंगळवार संपला, मग बुधवार, गुरुवार, शुक्रवार, की शनिवार. शनिवारी परीक्षा संपली की, अकरा वाजता, मी स्वतः जाऊन सांगणार. चार दिवसांत एवढं काय होणार आहे? बुधवारी मी दुसरीकडे, मधोमध, प्रयत्न करून बघितला, म्हणजे ती जागा सोडून द्यायची माझी तयारी होती. सात वेळा बघितला. सातही वेळा आतल्या धारेवर गेले आणि बसले. मग घड्याळाखाली गेले आणि पहिल्या झटक्यात तीन.

शुक्रवारी ती जागा उघडलेल्या छत्रीएवढी होती. भुग्याच्या चार ओंजळी टाकल्या आणि त्या कुठे गेल्या कळलं नाही. मी हातमोजा काढून बोट घातलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. खाली खरखरीत लागलं, आणि त्याच्याही खाली काहीच लागलं नाही. बोट मी पटकन बाहेर काढलं. आणखी सहा ओंजळी आणल्या.

"काय गं, घर बांधतेस का?" काकू कठड्यावरून ओरडल्या.

"झालंच," मी म्हणाले.

शनिवारी परीक्षक बाई बाहेरून आल्या होत्या. अंगात लांब कोट, हातात पाटी, चेहऱ्यावर काही नाही. मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या. प्रत्येकाला दोन संधी. माझा नंबर तिसरा, काकूंचा शेवटचा.

"कुठे करणार?" मॅडमनी विचारलं.

"घड्याळाखाली."

"एवढ्या लांब? बाईंना दिसायला हवं."

"दिसेल," मी म्हणाले. माझ्यात आता ही हिंमत होती, मॅडमना उत्तर द्यायची.

ती गिरकी मी कधी विसरणार नाही, आणि याची मला लाज वाटते. पाय गेला, धार बसली, डावा पाय समोर आला, हात आत घेतले आणि रिंकची एक पांढरी पट्टी झाली. घड्याळ चार वेळा गेलं. चौथ्या वेळी पायाखालून काहीतरी आलं, आवाज नव्हे, एक ढिलेपणा, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती बोटभर खाली असावी तसा. मी बाहेर पडले, हात पसरले, हसले. बाईंनी पाटीवर खूण केली आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी आलं.

आणि मी काय केलं? परत वळले, ओंजळी आणल्या आणि खळगा भरला. नेहमीसारखा, नीट. बाई मॅडमना म्हणाल्या, "शिस्तीची मुलगी आहे."

अकराला दहा कमी होते. मी काकांना सांगणारच होते. ते दारापाशी गाडीला टेकून उभे होते, मला अंगठा दाखवत होते. मी ठरवलं, काकूंचं झालं की सांगते.

काकूंनी पहिला प्रयत्न मधोमध केला. दीड फेरी, मग आतली धार, मग दोन्ही हात जमिनीवर. त्या कठड्याशी आल्या. पाण्याची बाटली उघडली पण प्यायल्या नाहीत.

"गेलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा काय वेगळं होणारे? भाचीच्या पायात दोन मोजे घालायला सांगावं लागेल."

त्यांचा आवाज गमतीचा होता आणि हनुवटी थरथरत होती. काकूंची हनुवटी मी तशी कधी बघितली नव्हती. आणि माझ्या हातात होतं ना काहीतरी देण्यासारखं. मी पास झाले होते, माझ्या अंगात एवढा आनंद होता की तो वाटल्याशिवाय मला राहवत नव्हतं.

"काकू, घड्याळाखाली करा," मी हळूच म्हणाले. "आठ पावलं. तिथं बर्फ मऊ आहे. धार आपोआप धरते."

"आपोआप म्हणजे?"

"म्हणजे माझं काही कौतुक नाही, त्या जागेचं आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि हे तू आज सांगतेस? कंजूस कुठली."

"तुमची वेळ होतेय."

त्या गेल्या. जाताना वळायचा हात दाखवला, माझ्यासाठी. मी पावलं मोजत होते. सातव्यावर मला काल आत गेलेलं बोट आठवलं, आणि तेव्हा मी हाक मारायला हवी होती. आता माझा आवाज केवढा मोठा आहे, सगळी शाळा सांगेल. काकू आठव्यावर पोचल्या, पाय टाकला. एक फेरी झाली, सुंदर. दुसरी झाली, आणि त्यांचा चेहरा माझ्या बाजूला आला तेव्हा तो हसत होता.

मग रिकाम्या खोक्यावर पाय पडावा तसा आवाज आला. पातं थांबलं. काकू थांबल्या नाहीत.

त्या ओरडल्या नाहीत. घोट्याच्या खाली पाऊल भलत्याच दिशेला होतं आणि काकू त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाच्या पायाकडे बघावं तशा बघत होत्या. मॅडम धावल्या. कुणीतरी रुग्णवाहिका बोलावली. परीक्षक बाई पाटी छातीशी धरून म्हणाल्या, "या वयात घोटे फिरण्याची भीती असतेच." मॅडम म्हणाल्या, "मी त्यांना सांगितलं होतं, घाई करू नका." स्ट्रेचरवरून नेताना काकूंनी माझं मनगट धरलं.

"तू सांगितलंस ते बरोबर होतं गं," त्या म्हणाल्या. "धार धरली होती. माझाच पाय उशिरा आला. वजन काय कमी आहे माझं?"

मी त्यांची पाण्याची बाटली स्ट्रेचरवर ठेवली.

काकांनी तो खळगा बघितला. काकूंच्या पडण्यानं सगळं चेपलं होतं, भुगा आणि पाणी आणि तुकडे. एवढी भारी बाई पडल्यावर होतं तसंच ते दिसत होतं. त्यांनी बादली आणली, खळगा भरला, वरून गाडी फिरवली.

मी घरी गेले. आईनं पास झाल्याचा कागद हातातून घेतला, दोन मावश्यांना फोन केला, मग स्वयंपाकघरातली खुर्ची बाजूला सरकवून म्हणाली, "दाखव बघू. मोज्यांवर का होईना." मी उभी राहिले. उजव्या पायावर वजन टाकायला गेले आणि डावा पाय उचललाच जाईना. आई हसत वाट बघत होती. भिंतीवर पावणेतीन वाजले होते.

शनिवारी चार वाजता लहान मुलांचा वर्ग असतो. पाच-सहा वर्षांची वीस मुलं, डोक्यावर हेल्मेट, हातात आधाराला ढकलायच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. ती घड्याळाच्या टोकाला असतात, कारण तिकडे वारा कमी.

"आई, मी आले," म्हटलं आणि पळाले.

काका यंत्रघरात टाकीवर वाकले होते. मी दारातून सगळं एका दमात सांगितलं, बुधवारपासून, खारट ओठापासून, ओंजळींपर्यंत. ते वळले नाहीत. काठीनं पाण्याची उंची बघत राहिले.

"किती मोठी होती?"

"आधी बशीएवढी."

"आणि काल?"

"छत्री."

"रोज भरलंस."

"हो."

"मी म्हटलं होतं, शोधून सापडत नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

त्यांनी ड्रिल घेतलं. आम्ही बूट घालून बर्फावर गेलो. सकाळच्या जागी त्यांनी भोक पाडलं, वर आलेलं पाणी बोटाला लावून जिभेला लावलं आणि थुंकले. मग दोन पावलं पुढे. तिथं बर्फ छान पांढरा होता, मी कधी तिथं गेलेही नव्हते. ड्रिल गेलं आणि खालून करडं पाणी वर आलं. आणखी दोन पावलं. पाणी. एका सरळ रेषेत, नळीच्या रेषेत, कठड्याच्या दिशेनं, जिकडे त्या रंगीत खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या.

"माझी छत्री एवढी नव्हती," मी म्हणाले.

"तुझी खिडकी होती," काका म्हणाले. "उघडी ठेवली असतीस तर आतलं दिसलं असतं."

बाकांवर मुलांना पालक स्केट्स घालत होते. चाराला वीस मिनिटं होती. काका म्हणाले, "मी यंत्र बंद करायला जातो, मग ऑफिसात. तू दारात उभी राहा. एकाला आत सोडू नकोस. कारण विचारलं तर सांग."

सगळ्यांनी कारण विचारलं. आधी एका मुलीनं, जिचं हेल्मेट डोळ्यांवर आलं होतं. मग तिच्या बाबांनी, जरा चिडून, आम्ही एवढ्या लांबून येतो म्हणून. मग मागून मॅडम आल्या. "काय चाललंय? बाजूला हो."

"बर्फ खालून फुटलाय," मी म्हणाले. "मला दहा दिवस माहीत होतं. मी तो झाकत होते, कारण मला फक्त तिथेच बॅकस्पिन येत होता. काकूंना तिथं मीच पाठवलं."

एवढं मोठ्यानं बोलायची गरज नव्हती, पण मला हळू बोलता येत नाही आता. सगळ्यांना ऐकू गेलं. एका आईनं मुलीला उचलून कडेवर घेतलं, स्केट्ससकट.

"तो कागद सोमवारी परत आण," मॅडम म्हणाल्या. मग फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "हे त्यांना मी नाही सांगणार."

तीन वेळा वाजला.

"बोला मॅडम," काकू म्हणाल्या. आवाज जड होता, औषधाचा. "प्लॅस्टर झालं. सहा आठवडे गाडीला हात नाही."

"काकू, मी आहे."

"भिंगरे, तू? रडू नकोस गं. सांगितलं ना, माझाच पाय."

"पाय नव्हता," मी म्हणाले, आणि सांगितलं. पुन्हा सगळं, बशीपासून. पलीकडे कुणाच्या तरी ट्रॉलीची चाकं वाजत होती आणि मग वाजायची थांबली.

"दहा दिवस," काकू म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे मंगळवारी त्यांनी विचारलं, मी चाकाचं सांगितलं, तेव्हाही."

"हो. पण मला वाटलं—"

"तुला काय वाटलं ते आत्ता नको." त्यांनी श्वास घेतला. "चारला तिथं पोरं असतात. कुठायत ती?"

"बाहेर. मी दारात उभी आहे."

"सगळी?"

मी मोजली. दोन वेळा मोजली. "वीस. सगळी."

"बरं," काकू म्हणाल्या.

फोन बंद झाला नव्हता, त्यांचा श्वास येत होता. मी तो कानाला लावून उभी राहिले. यंत्रघराचा घरघर आवाज, जो इतके महिने कानात होता आणि कधी ऐकला नव्हता, तो थांबला. आणि रिंकच्या त्या टोकाला, कुणी हात न लावता, एक पिवळी खुर्ची हळूच एका बाजूला कलली.